समोरून, वरून आणि टर्नर मामांकडून

शहापुरात माणूस किती शिकला यापेक्षा त्याचं शिक्षण गल्लीला किती लवकर समजतं, याला भाव आहे. डॉक्टर, वकील, मास्तर, सोनार ही एका शब्दात उलगडणारी माणसं. त्यांची लग्नंही लवकर जमतात. ‘ड्राफ्ट्समन’ हाही तसा एकच शब्द, पण तो उच्चारला की पुढे अर्धा तास खर्ची घालावा लागतो. खडेबाजारात कुणीतरी पोराला अडवून विचारतं, ‘‘काय करूलास रे आता?’’

‘‘ड्रॉइंग शिकतोय, काका.’’

काकांचा चेहरा पडतो. ‘‘असू दे, असू दे. आमच्या मेव्हण्याचा पोरगा पण तसलाच. आता दुकानांचे बोर्ड रंगवतो. पोटापुरतं मिळतं.’’

‘‘तसलं न्हवं काका, इंजिनिअरिंगचं ड्रॉइंग.’’

‘‘मग इंजिनिअर म्हण की!’’

‘‘इंजिनिअर न्हवं.’’

‘‘मग चित्रकार?’’

‘‘ते पण न्हवं.’’

इथे काका पिशवी दुसऱ्या हातात घेतात आणि बोलणं पावसावर नेतात. बेळगावात हा विषय कधीही काढता येतो.

खरं तर शहापूरला हा प्रकार नवखा वाटायचं कारण नाही. हे मागांचं गाव. शहापुरी लुगड्यांनी एके काळी लांबलांबच्या बाजारपेठा पाहिल्या, आणि वडगाव-खासबागेकडे माग अजून खडखडतात. लुगड्याच्या काठावरचा मोर काही विणकराच्या मनातून थेट कापडावर उडत येत नाही. तो आधी चौकटीच्या कागदावर बसतो, एकेक चौकट म्हणजे एकेक धाग्याची उचल, आणि त्या कागदावरून पुठ्ठ्याला भोकं पाडतात. जॅकार नावाच्या फ्रेंच माणसाने 1804च्या सुमाराला ही युक्ती चालू केली आणि तिच्यावरून पुढच्या लोकांना संगणकाची भोकाची कार्डं सुचली. म्हणजे कागदावर आधी नेमकं काढायचं आणि मग दुसऱ्या माणसाने ते न विचारता बनवायचं, हा धंदा शहापूरच्या रक्तात आहे. फक्त मोराच्या जागी आता पंपाचं कव्हर आलंय. मोराला निदान आज्जी ओळखायची.

आयटीआयचा ‘ड्राफ्ट्समन मेकॅनिकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड. दहावीला गणित आणि विज्ञान असलं की पोरगं अर्ज भरायला मोकळं. पोराची कल्पना अशी की पहिल्या दिवशी इंजीन काढायचं, दुसऱ्या दिवशी विमान. प्रत्यक्षात त्याला ‘ए’ काढायला लावतात. हे पोरगं सीमाभागातलं. दहावीपर्यंत मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत मार खाऊन आलेलं. त्याला आता पुन्हा मुळाक्षरांपासून सुरुवात. दोन आखलेल्या रेषांच्या मधे, एकाच झटक्यात, सगळी अक्षरं एका जाडीची आणि एका उंचीची. ‘एस’ला पोट सुटलं की पान परत.

त्याच्याही आधी पेन्सिलीला टोक काढायचा स्वतंत्र धडा असतो. आखणीला टू एच, कडेच्या रेषांना एच, अक्षरांना एचबी. रेषेच्या पेन्सिलीचं टोक चपटं, छिन्नीच्या धारेचं. अक्षराच्या पेन्सिलीचं गोल निमुळतं. टोक काढून ते पॉलिशपेपरवर घासायचं, फडक्याने पुसायचं आणि मास्तरांना दाखवायचं. मास्तर ते उजेडाकडे धरून बघतात आणि मोडतात. घरी वडील विचारतात, ‘‘फी भरून महिना झाला. काय शिकवलं?’’ पोरगं खरं बोलतं, ‘‘टोक काढायला.’’ त्या रात्री घरात पुन्हा एकदा मेडिकल दुकानाचा विषय निघतो.

इंजिनिअरिंग कॉलेजची कथा थोडी अधिक रुबाबदार. उद्यमबागेत 1979पासून गोगटे कॉलेज आहे, मच्छेला 1998पासून विश्वेश्वरय्यांच्या नावाचं अख्खं विद्यापीठ आहे, त्यामुळे ड्रॉइंगशीट ठेवायचं लांब नळकांडं खांद्याला अडकवलेली मुलं बेळगावला नवीन नाहीत. तिसऱ्या रेल्वे गेटाकडे जाणाऱ्या बसमध्ये त्या नळकांड्याने दोनचार प्रवाशांना ढोसल्याशिवाय पहिलं वर्ष पूर्ण होत नाही, असा निदान कंडक्टर लोकांचा समज आहे. नळकांड्यात शीट असते. शीट कुणाची असते, हा वेगळा प्रश्न.

कारण या शिक्षणातला सर्वांत लोकप्रिय भाग कुठल्याच अभ्यासक्रमात छापलेला नाही. त्याला जीटी म्हणतात. ग्लास ट्रेसिंग. दोन स्टुलांवर खिडकीची काच आडवी ठेवायची, खाली बल्ब लावायचा, काचेवर वर्गातल्या हुशार मुलीची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, आणि गिरवत सुटायचं. काच तापते, घाम शीटवर पडतो, बल्ब उडतो, काच तडकते. या प्रत्येक संकटावर मुलांनी काढलेले तोडगे पाहिले तर वाटतं, परीक्षा याचीच घ्यावी. उजेड सारखा पसरावा म्हणून काचेखाली बटर पेपर लावणारा, उष्णता बाहेर जावी म्हणून टेबलफॅनचं तोंड स्टुलाखाली वळवणारा मुलगा हा जन्मजात डिझायनर असतो. तोच मुलगा ड्रॉइंगच्या पेपरात नापास होतो आणि पुढे स्वतःचा कारखाना काढतो. हुशार मुलगी बंगळूरला नोकरी करते.

ड्रॉइंगचा पेपर अवघड का, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गुजरातेतल्या आणंद गावाने देशाला दोन गोष्टी दिल्या: अमूलचं लोणी आणि एन. डी. भट यांचं ‘इंजिनिअरिंग ड्रॉइंग’. लोणी पचतं. भटांच्या पुस्तकातल्या आणि त्यावरून निघालेल्या असंख्य प्रश्नपत्रिकांतल्या जगात साध्या वस्तू साध्या जागी कधीच नसतात. षटकोनी ठोकळा असेल तर तो जमिनीवर बसलेला नसतो. तो एका कोपऱ्यावर तोल सांभाळत, अंग पंचेचाळीस अंशांत तिरकं करून, वर भिंतीशी आणखी तीस अंशांचा कोन करून उभा असतो. असा ठोकळा घरात कुणी ठेवला तर आज्जी आधी दृष्ट काढेल. एक मुंगी असते. ती शंकूच्या बुडाच्या एका ठिपक्यापासून निघते, शंकूला प्रदक्षिणा घालते आणि परत त्याच ठिपक्यावर येते. तिचा सर्वांत जवळचा रस्ता काढा. मुंगी का निघाली, तिला परतच यायचं होतं तर ती मुळात बसून का राहिली नाही, याला मार्क नसतात.

आणि मग ते दृश्यांचं प्रकरण. एकच वस्तू समोरून कशी दिसते, वरून कशी दिसते, बाजूने कशी दिसते, ते एका कागदावर मांडायचं. मास्तर सांगतात, समोरचं दृश्य इथे, आणि वरून बघितलेलं दृश्य त्याच्या खाली. वर्गातला एकमेव प्रामाणिक मुलगा हात वर करतो, ‘‘सर, वरून बघितलेलं खाली का?’’ सर सांगतात, ‘‘आपण फर्स्ट अँगलवाले.’’ डावीकडून बघितलेलं उजवीकडे काढायचं, तेही त्याच कारणाने. भारताने, युरोपाने ही पद्धत धरली. अमेरिकेने थर्ड अँगल धरली, तिथे वरून बघितलेलं वरच असतं. वस्तू तीच, रेषा त्याच, फक्त मांडणी उलट. कागदाच्या कोपऱ्यात कापलेल्या शंकूचं एक बारीक चिन्ह असतं, त्यावरून पद्धत ओळखायची. ते चिन्ह न बघता अमेरिकन गिऱ्हाइकाचा जॉब लावला तर माल तयार होतो, सुबक होतो, मापाला बरोबर होतो आणि आरशातला होतो. अशा मालाचा ढीग ज्याने एकदा पाहिला, तो पुढे जन्मभर कुठलाही कागद हातात घेतला की आधी कोपरा बघतो. लग्नपत्रिकेचासुद्धा.

ही तीन बाजूंची विद्या शास्त्रशुद्ध केली गास्पार मोंज या फ्रेंच माणसाने. बाप फेरीवाला, पोरगं हुशार, म्हणून मेझियेर गावच्या लष्करी शाळेत लागलं. तिथे त्याला एका किल्ल्याच्या तटबंदीचं गणित घातलं. शत्रूच्या माऱ्यातून आतली जागा वाचली पाहिजे. त्या काळी याला लांबलचक आकडेमोड लागे. मोंजने रेषा काढून ते झटपट सोडवलं आणि कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तपासायलाच नकार दिला. इतक्या लवकर झालं म्हणजे नीट केलेलं नसणार! सरकारी कचेरीची ही प्रतिक्रिया अठराव्या शतकातली आहे, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर वाचकांचा गैरसमज व्हायचा. शेवटी पटल्यावर मात्र लष्कराने ही पद्धत गुपित म्हणून कुलपात घातली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, 1790च्या दशकात मोंजला ती उघड शिकवता आली. गुपित फुटलं, असं इतिहास म्हणतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात मागच्या बाकावर जाऊन पाहिलं तर ते बऱ्यापैकी शाबूत आहे.

काकांना पटेल असा या विद्येचा मूळपुरुष मात्र फ्रान्सात शोधायला नको, तो बेळगावचाच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म 1869, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. हे मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकार व्हायला गेले, आणि तिथे कळलं की यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. दुसरा कुणी असता तर गावी परतून नशिबाला बोल लावत बसला असता. यांनी अशी चित्रकला शोधली की जिला रंगच लागत नाहीत. यंत्रांचं ड्रॉइंग शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवायला लागले. म्हणजे चित्रकारही न्हवं आणि इंजिनिअरही न्हवं. खडेबाजारातल्या काकांनी यांनाही पावसाबद्दल विचारलं असतं.

नोकरीत असतानाच 1888 साली भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचा व्यापार सुरू झाला. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली धाडायच्या, रामूअण्णांनी त्या इथे विकायच्या आणि विकत घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचं. पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा ती यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला मिळाली आणि मास्तरांनी नोकरीला रामराम ठोकून बेळगाव गाठलं. इथे कडब्याचं कटाई यंत्र झालं, मग 1903मध्ये लोखंडी नांगर. नांगर कागदावर बरोबर होता, मातीतही बरोबर होता, पण शेतकऱ्यांच्या मनात एक भोक राहून गेलं होतं: लोखंडाने जमीन विषारी होते! याला कुठल्याच दृश्यात उत्तर नसतं, समोरूनही नाही आणि वरूनही नाही. तो नांगर खपायला वेळ लागला. तो खपू लागला तेवढ्यात नगरपालिकेला ठळकवाडीच्या नव्या वस्तीसाठी कारखान्याखालची जागा हवी झाली. औंधच्या राजेसाहेबांनी जागा आणि कर्ज देऊ केलं आणि 1910मध्ये सगळा बाडबिस्तरा कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर गेला. तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावाकडे किर्लोस्कर रोड राहिला. नगरपालिकांना कारखान्यापेक्षा रस्त्याला नाव देणं नेहमीच सोपं जातं. रस्ता जागा मागत नाही, तो आधीच तिथे असतो.

यानंतर बराच काळ या धंद्याचं रूप बदललं नाही. मोठा तिरका बोर्ड, टी-स्क्वेअर, गुण्ये, ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेनं. शाईची रेघ चुकली तर ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. जास्त खरवडली तर पंपालाच भोक. मग अमोनियाच्या खोलीत प्रिंट काढायची. त्या खोलीतून बाहेर येणारा माणूस डोळे पुसतच यायचा, त्यामुळे ड्रॉइंग ऑफिसात कुणी खरंच रडत असलं तरी कळायचं नाही. ही पिढी आता निवृत्त आहे. त्यांच्या किराणा मालाच्या यादीतलं ‘गूळ 2 किलो’सुद्धा दोन अदृश्य रेषांच्या मधे बसतं.

मग कॉम्प्युटर आला. ऑटोकॅड जगात 1982च्या डिसेंबरात बाजारात आलं, आमच्याकडे यायला त्याने घाई केली नाही. आता मात्र साडीच्या दुकानाशेजारच्या अरुंद जिन्याने वर गेलं की एक क्लास असतोच. खाली पाटी: ‘शंभर टक्के जॉब’. पाटीवर पिवळं हेल्मेट घातलेला एक गोरा माणूस, हातात गुंडाळलेला कागद, नजर आभाळाकडे. मला या माणसाबद्दल फार कुतूहल आहे. ऑटोकॅड शिकल्यावर कागद लागत नाही, खुर्चीत बसायचं असल्याने हेल्मेट लागत नाही, आणि आभाळाकडे बघायला वेळ मिळत नाही. तरी शंभर टक्के जॉब लागलेला तोच एक दिसतो.

क्लासच्या वहीत आज्ञा असतात: ट्रिम, एक्स्टेंड, ऑफसेट, मिरर, एक्स्प्लोड. पोरगं रात्री मित्राला फोनवर समजावतं, ‘‘आधी सगळं सिलेक्ट कर, मग एक्स्प्लोड कर, काय राहिलं तर डिलीट,’’ आणि शेजारच्या खोलीत आजोबा उठून बसतात. त्यात सॉफ्टवेअरची नावं. चुलतभावाने आईला सांगितलं, ‘‘आता कॅटियाच्या मागे लागलोय.’’ आईने शांतपणे विचारलं, ‘‘कुठली आहे?’’ ‘‘फ्रान्सची.’’ ते खोटंही नव्हतं. दासो कंपनीने लढाऊ विमानांसाठी ते 1977मध्ये करायला घेतलं होतं. पण हा खुलासा होईपर्यंत मामाला बोलावणं गेलं होतं.

कॉम्प्युटरने काय सोपं झालं ते सगळे सांगतात. काय गेलं तेही थोडं सांगायला हवं. बोर्डावर एक रेघ पुसायला कष्ट पडत, म्हणून माणूस रेघ मारायच्या आधी विचार करी. आता आधी मारतात, मग कंट्रोल झेड. फाइलींची नावं ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन सरांनी सांगितलेलं’, आणि कारखान्यात नेमकी ‘फायनल’ जाते. शिवाय ऑटोकॅडच्या पडद्याला किनारा नाही. वस्तू खऱ्या मापाने काढायची, एकास एक. मनात आणलं तर अख्खं शहापूर त्यात बसेल, होसूरसकट. कुठेतरी लांब चुकून एक ठिपका पडतो. मग पोरगं ‘सगळं दाखव’ म्हणतं आणि पडदा रिकामा. सगळं दाखवताना दोन टोकांमध्ये इतकं अंतर पडलेलं असतं की पंप दिसेनासा होतो. पोराला वाटतं, दिवसभराचं काम गेलं. गेलेलं नसतं, फक्त आपण गोव्यात उभे राहून ते बघत असतो.

क्लास संपतो, प्रमाणपत्र मिळतं, त्याला लॅमिनेशन होतं, आणि मग खरं शिक्षण सुरू होतं, कारण मग उद्यमबाग येते. इथे फौंड्र्या आहेत, लेथ आहेत, हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बनतात. तिकडे हत्तरगीला विमानांचे सुटे भाग करणारं सेझ आहे. आणि प्रत्येक शेडमध्ये एक टर्नर मामा आहेत. त्यांच्या चष्म्याच्या काड्या दोऱ्याने बांधलेल्या असतात आणि जगातल्या कुठल्याही मानक संस्थेपेक्षा त्यांचा शब्द शेडमध्ये मोठा असतो.

पोराचं पहिलं ड्रॉइंग मामांच्या हातात पडतं. शाफ्टचा व्यास: 40.0000.

‘‘ही शून्यं कुणासाठी?’’

‘‘सॉफ्टवेअरनं दिलीत, मामा.’’

‘‘मग त्यालाच करायला सांग की गा.’’

शून्यं पुसून पोरगं परत येतं. आता त्याने प्रत्येक भोकाला ‘एच सेव्हन’ लिहिलंय, कारण ते वहीत होतं आणि दिसायला भारदस्त होतं. पन्नास मिलिमीटरच्या भोकाला एच सेव्हन म्हणजे पन्नासच्या खाली अजिबात नाही आणि वर फार तर पंचवीस मायक्रॉन. माणसाचा केस याच्या दुपटीहून जाड असतो. बेअरिंग बसायचं असेल तिथे हे हवंच. पण पोराने ते कव्हर आवळायच्या बोल्टांच्या भोकांनाही दिलंय. मामा चष्मा कपाळावर चढवतात. ‘‘ह्यात बोल्ट घालायचाय का हिरा बसवायचाय? हिरा बसवायचा आसंल तर शहापुरात सोनार हाईत.’’

पुढच्या आठवड्यात आतल्या बाजूचा चौकोनी कोपरा येतो, अगदी काटकोनात. ‘‘कटर गोल हाय. गोल कटरनं कोपरा चौकोनी करून दाव, मी तुझ्या हाताखाली लागतो.’’ त्यानंतर एक नट येतो, जो सुंदर आहे, प्रमाणबद्ध आहे, आणि चारी बाजूंनी भिंतीत आहे. ‘‘पाना कुठनं घालू?’’ पोरगं पडद्यावर नट फिरवून दाखवतं. पडद्यावर नट पान्याशिवाय बसतो. मग फौंड्रीतला पॅटर्नवाला कागद घेऊन येतो. बिडाचं ओतकाम थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, त्यासाठी त्याची पट्टीसुद्धा वेगळी, मुद्दाम लांब केलेली असते; आणि भिंतींना किंचित उतार द्यायचा, नाहीतर साच्यातून बाहेर निघताना वाळू ढासळते. पोराच्या भिंती सरळसोट. ‘‘आत घालायला सांगितलंस, बाहेर काढायचं कुणी सांगायचं?’’

हे सगळं कन्नड, मराठी आणि इंग्रजी एकाच वाक्यात घोळून चालतं. शिव्या मराठी, मापं इंग्रजी, हिशेब कन्नड. पोराला राग येतो, मग भूक लागते, मग दोघं मिळून चहा-मिरची भजी खातात, आणि भजीच्या कागदावर मामा पेन्सिलीच्या तुकड्याने फटाफट तीन रेघा मारून ब्रॅकेट काढतात. माप नाही, पट्टी नाही, फर्स्ट अँगल नाही. पण त्याच्यावरून ब्रॅकेट बनतो. हाताने काढायची ही अशी रेखाटनं क्लासात कुणी शिकवत नाही. मला विचाराल तर फी त्याची घ्यावी आणि ऑटोकॅड फुकट द्यावं.

ड्रॉइंगमध्ये रेषांनाही जाती आहेत. दिसणारी कड जाड, अखंड. आतली, न दिसणारी कड तुटक. मध्यरेषा एक लांब, एक आखूड. आणि आणखी एक रेषा असते, एक लांब तुकडा आणि दोन ठिपके: हलणारा भाग सरकून दुसरीकडे जाऊ शकतो, ती त्याची दुसरी जागा दाखवायला. परप्रांतातल्या मुलांना ही शेवटची रेषा समजावायला वेळ लागतो. आमच्याकडे नकाशावर बोट ठेवलं की झालं. शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचं, शेजारचं बेळगाव इंग्रजांचं. माणूस भाजी आणायला संस्थानातून ब्रिटिश हद्दीत जायचा. 1948मध्ये संस्थान मुंबई प्रांतात गेलं, 1 नोव्हेंबर 1956ला गाव म्हैसूर राज्यात, 1973मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक, 2004पासून दावा सर्वोच्च न्यायालयात, आणि 1 नोव्हेंबर 2014ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी. एवढ्यात एकाही घराचा उंबरा जागचा हलला नाही. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बदलांचा एक तक्ता असतो: बदल अ, बदल ब, तारीख, कारण, सही. शहापूरचा तक्ता शीटच्या बाहेर गेलाय.

तर असा, मामांच्या हाताखालून निघालेला पोरगा एकदा खरंच तयार होतो. त्याला आता ‘डिझाइन इंजिनिअर’ असं एक कार्ड मिळतं. गल्लीला अखेर एका शब्दात समजतो तो: प्लॅन काढणारा. झालं. मीरापूर गल्लीपासून बसवाण गल्लीपर्यंत ज्याला म्हणून भिंत हलवायची आहे तो दारात उभा. ‘‘आमचा एवढा घराचा प्लॅन काढून दे बाळ. तुला काय, बटणं दाबायची.’’ मी मेकॅनिकलचा, घराचं सिव्हिलवाले बघतात, असं सांगून उपयोग नसतो. सोनाराने चांदीला हात लावत नाही म्हटलं तर कोण ऐकेल?

माझ्या पुतण्याने असाच एक प्लॅन काढला, आमच्याच एका नातेवाइकांचा. शहापुरातलं जुनं घर, रुंदी बारा फूट आणि खोली गल्लीच्या पलीकडच्या गल्लीपर्यंत. त्याने ते मिलिमीटरमध्ये काढलं. समोरून, वरून, बाजूने, फर्स्ट अँगलमध्ये. चुलीच्या ओट्याचा छेद वेगळा, माळ्याचा छेद वेगळा, दाराच्या बिजागरीचा मोठा करून दाखवलेला तपशील, खाली सुट्या भागांची यादी, त्यात खिळेसुद्धा नगांत. वहिनींनी स्वयंपाकघर केवढं विचारलं, तर म्हणाला, तीन हजार सहाशे सत्तावन्न पॉइंट सहा. त्यांना वाटलं खर्च सांगतोय. एवढ्यात होत असेल तर वर एक खोलीही काढ म्हणाल्या. मग वास्तुवाले येऊन गेले आणि चूल आग्नेयेला सरकली, देव ईशान्येला, आणि संडास उरलेल्या जागेत. बदल अ, बदल ब, बदल क.

शेवटी गवंडी आला. त्याने शीट उलगडली, जमिनीवर पसरली, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या, आणि विडी संपेपर्यंत बघत राहिला. भिंतीच्या जाडीला अर्धा मिलिमीटर कमी-जास्त, असं लिहिलं होतं, तिथे जरा थांबला. मग पुतण्याला म्हणाला, ‘‘काढलंय ब्येस. पन वरच्या खोलीत जायचं कुठनं, बाळ?’’

पुतण्याने शीट पुन्हा पाहिली. मग वहिनींना म्हणाला, जिना हा वेगळा पार्ट आहे, त्याचं ड्रॉइंग उद्या देतो.